म्हसदगडाखालचं पाणी

बिरजामायच्या पायात मी वहाण कधी पाहिली नाही. पुसाच्या महिन्यात पाळीवरचं गवत दवानं चिंब असायचं, पाय बधिर व्हायचे, तरी ती दिवस उगवता उगवता अनवाणीच तलावाच्या पाळीवर चढायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत जायची. मध्येच थांबायची, टाच दाबून पाहायची, थोडं मागं यायची, पुन्हा दाबायची. गावच्या मालकांनी, म्हणजे मालगुजारांनी, एका दसऱ्याला तिला नव्या वहाणा दिल्या. तिनं त्या घेतल्या, घरी आणून खुंटीला टांगल्या आणि तशाच राहू दिल्या. मी तेव्हा लग्न होऊन नुकतीच आले होते आणि आमचं अंगण तिच्या अंगणाला लागून होतं. मी विचारलं, "माय, घालत काऊन नाई वो?"

"घातली तं पायाले ओल कशी समजन?" ती म्हणाली. "पाळ कुठं भिजून राहिली ते डोळ्याले मागून दिसते. पायाले पयले समजते."

आमचं गाव कोहमाऱ्यापासून आत, जंगलाच्या कडेला. माझं माहेर आमगाव. तिथं रेल्वे, बाजार, चार दुकानं. इथं आले तर समोर नुसता तलाव आणि तलावाखाली धानाच्या बांध्या, बांध घातलेली शेतं. पहिल्या दिवसांत मला त्या पाण्याची भीतीच वाटायची. गावच्या डोक्यावर एवढं पाणी, आणि मध्ये फक्त मातीची पाळ. ती पाळ कुणा जुन्या लोकांनी घातली होती, हे कुणालाच नेमकं ठाऊक नव्हतं. पण त्या पाळीखाली सगळे झोपत, जेवत, लग्नं करत. कारण बिरजामाय रोज तिच्यावरून चालून यायची.

तिचा नवरा गावचा पाणकर होता. तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत कधी जाईल आणि किती जाईल, हे पाणकर ठरवतो. पाणी पाटात सोडायचं जे तोंड असतं त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. त्यात लाकडी डाट बसवलेली असते, ती मोगरीनं ठोकून बंद करायची आणि ठोकूनच सैल करायची. नवरा तापानं गेला तेव्हा धानाला पाणी द्यायचे दिवस होते. आता पाणकर कोण, यावर चावडीत पुरुषांची बोलणी चालू होती, आणि इकडं बिरजामाय सुतकातच मोगरी घेऊन तुडुमावर गेली. बोलणी संपेपर्यंत प्रत्येकाच्या बांधीत त्याच्या पाळीचं पाणी पोचलं होतं. मग मोगरी तिच्याकडंच राहिली.

बाई मोठी तिखट होती. गावातल्या पुरुषांना ती नावानं हाक मारायची नाही, त्यांच्या शेतावरून मारायची. "का गा, आंब्याखालची बांधी! तुयी पाळी उद्या, आज फावडा कायले आनला?" मालकांनाही ती सोडत नसे. त्यांच्यापुढं डोक्यावर पदर घ्यायची, 'जी' म्हणायची आणि मग जे बोलायचं ते बोलायचीच. बायकांशी मात्र तिचं वेगळं होतं. पाणवठ्यावर आमच्यात येऊन बसायची आणि भलतंच काही विचारायची. आज विहिरीचं पाणी गार लागलं की कोमट? डाळ शिजायला वेळ लागला का? दोर किती सोडावा लागला? आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला बोलायला काहीतरी लागतं.

तलावाच्या आत, पाळीपासून बऱ्याच अंतरावर, एक मोठा काळा दगड होता. पाणी उतरलं की आधी त्याची पाठ दिसायची, पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी. त्याला म्हसदगड म्हणत. पाठ दिसली की गावभर एकच बोलणं, "म्हैस उठली." म्हैस उठली की तुडूम बंद. त्याखालचं पाणी धानाचं नाही, ढोरांचं आणि मासोळीचं, असा गावचा जुना रिवाज. उन्हाळ्यात त्याच डोहात मासोळी तग धरायची, कमळाचे कांदे चिखलात जिवंत राहायचे आणि पुढच्या पावसात तलाव पुन्हा भरायचा. बहुतेक वर्षी ही वेळ धान कापून झाल्यावर यायची, म्हणून या रिवाजाची कुणाला अडचण झाली नव्हती.

मी आल्यानंतर दुसऱ्याच पावसाळ्यात तिला मी खऱ्या अर्थानं पाहिलं. श्रावणात झड लागली होती. तलाव काठोकाठ भरला, सांडव्यावरून पाणी धो धो जात होतं. दुपारी बिरजामाय पाळीच्या पायथ्याशी उकिडवी बसलेली दिसली. तिथं पाझर होता. पाझर नेहमीचाच, दरवर्षी फुटणारा. पण तिनं त्याचं पाणी काशाच्या वाटीत धरलं होतं आणि वाटी गुडघ्यावर ठेवून ती पावसात नुसती बघत बसली होती. मग उठली आणि ओरडत गावात शिरली.

"पाझर गढूळ झाला! गढूळ झाला गा!"

वाटीच्या तळाशी बोटभर गाळ बसला होता. पाझर नितळ असेल तोवर भ्यायचं नाही, पाळ घाम गाळते एवढंच. गढूळ झाला तर पाळ आतून मातीसकट वाहून चालली आहे, हे ती एका श्वासात सांगत होती. पुरुष धावले. पण पाण्याच्या बाजूला भोक कुठं आहे ते कळणार कसं? एवढ्या पाण्यात, एवढ्या पावसात?

तिनं आमच्या घरून कोंड्याची टोपली मागवली. मी घेऊन गेले. ती पाळीच्या कडेनं मुठी मुठीनं कोंडा पाण्यावर टाकत चालली. कोंडा तरंगायचा, पावसाच्या थेंबांनी हलायचा, पसरायचा. एका जागी तो पसरला नाही. हळूच गोल फिरला आणि खाली ओढला गेला.

"इथं," ती म्हणाली.

तलावात मासोळी धरणारा सुकरू ढिवर पाण्यात उतरला. कमरेला दोर, दोराचं टोक पाळीवरच्या लोकांच्या हातात. गवताची पेंडी आणि चिकणमातीचा गोळा घेऊन तो बुडाला. आम्ही सगळ्या बायका पाळीवर मातीच्या टोपल्या घेऊन उभ्या होतो. दोर ताठ झाला. सुकरू वर येईना. त्याची बायको माझ्या शेजारी होती, तिनं माझं मनगट धरलं ते अजून आठवतं. लोक दोर ओढणार तेवढ्यात बिरजामाय ओरडली, "ओढू नका! हात भोकात असन त्याचा, खांदा उखडन!" तीही मोजता येणार नाही इतका वेळ नुसती पाण्याकडं बघत राहिली. शेवटी सुकरूचं डोकं वर आलं. त्याचा हात खांद्यापर्यंत ओढला गेला होता, पण भोक त्यानं बुजवलं होतं. आम्ही वरून माती टाकत राहिलो. पाळीच्या पायथ्याला पाझराभोवती मातीचं कडं केलं. संध्याकाळी तिनं पुन्हा वाटी भरून पाहिली. पाणी नितळ होतं. तिनं ते प्यायलं आणि घरी गेली. सुकरूला घरी बोलावून तिनं खांद्याला मोहाचं तेल चोळलं आणि चोळता चोळता त्याला शिव्या दिल्या, की इतका वेळ आत कायले राहिला.

म्हणून लोक तिचं ऐकायचे. पण ती चुकतही असे, आणि तेही लोकांनी लक्षात ठेवलं होतं.

एका वर्षी पाणकोंबड्यांनी घरटी नेहमीपेक्षा उंचावर बांधली. बिरजामायनं सांगितलं, पाऊस भारी येणार, तलाव थोडा रिकामा ठेवू. तिनं आधीच पाणी सोडून दिलं. आणि त्या वर्षी पाऊस यथातथाच झाला. शेवटच्या पाळीला पाणी पुरलं नाही. तिला कुणी विचारण्याआधीच ती चावडीत गेली आणि उभी राहून म्हणाली, "मी चुकली. पाखराची गोष्ट मी अर्धीच समजली. त्या साली काठचं गवत उंच होतं, म्हणून घरटी उंच होती. ते मी पाहिली नाई." त्यानंतर ती घरटी पाहायची, पण एकट्या घरट्यावर भरवसा ठेवत नसे.

हे लक्षात ठेवणाऱ्यांत सगळ्यात पुढं होते महादेवराव. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. आमच्याकडे सुनेनं भासऱ्यांशी बोलायचं नसतं, पदर खाली ओढून बाजूला व्हायचं. त्या वर्षी त्यांच्या बांधीतलं धान अर्धं गेलं होतं आणि ते घरात रोज एकदा तरी त्या पाणकोंबड्यांचं नाव काढायचे.

मग ते साल आलं. लढाई चालू होती, सरकार धान उचलत होतं, बाजारात तांदूळ मिळत नव्हता. आपल्या बांधीत जे पिकेल तेच खायचं. आखाड-श्रावणात पाऊस बरा झाला, रोवणी झाली, धान हिरवंगार उभं राहिलं. पोळा झाला आणि पाऊस गेला. आधी कुणाला काही वाटलं नाही. हस्ताचा पाऊस येईल, असं सगळे म्हणत होते. हस्त कोरडा गेला.

बिरजामायनं पाळ्या लावल्या. हलकं धान आधी, भारी धान मागून. हलकं धान लवकर पिकतं, त्याला पाणी मिळालं, ते वाचलं. भारी धान पोटरीत होतं, लोंबी अजून बाहेर यायची होती. आमचं, मालकांचं आणि बिरजामायचा मुलगा रामाजी याचंही शेत भाऱ्या धानाचं, पाटाच्या शेवटाला. त्या धानाला आणखी एक पाणी मिळालं असतं तर ते निसवलं असतं. पाटाकडं डोळे लावून सगळे बसले होते. अशात एका सकाळी तलावात काळी पाठ दिसली.

बिरजामाय गेली, डाट ठोकून बंद केली आणि मोगरी घेऊन तुडुमावर बसली.

दुपारपर्यंत पाळीवर सगळा गाव जमा झाला होता. पुरुषांच्या हातात फावडी. मी पाणी भरायला निघालेल्या बायकांबरोबर पाळीच्या खाली उभी होते. महादेवराव सगळ्यात पुढं.

"उठ वो माय. एक पाळी दे. एकच."

"म्हैस उठली."

"म्हैस उठली तं उठली! धान मरून राहिलं ते दिसत नाई का? म्हसदगड पाहून पोट भरन का आमचं?"

"धान मेलं तं पेंढी रायते, ढोरं खातीन. ढोरं मेली तं पुढच्या साली नांगर कोन ओढन? तू का?"

"पाऊस आला तं?"

"आला तं मीच उघडन."

"आन् तू चुकली तं?" महादेवराव ओरडले. "त्या पाणकोंबड्यावानी? तेव्हाबी अशीच बसली होती छाती काढून!"

तिचं तोंड बारीक झालं. तेवढ्यात मालक आले. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांचंही भारी धान उभं होतं आणि सरकारला द्यायचंही त्यांनाच होतं. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "बिरजाबाई, हट्ट नोको. एक पाळी सोड."

"नाई जी, मालक."

"मंग आजपासून तू पाणकर नाई. महादेव, आता तू पाणकर. घे मोगरी आन् उघड."

रामाजी तिथंच होता, आपल्या शेतासाठी फावडं घेऊन आलेला. त्यानं आईकडं पाहिलं. तीही त्याच्याकडं बघत होती. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मोगरी महादेवरावांच्या हातात दिली.

"घे. मी धरली नाई तुले. उघडाच्या पयले एक गोष्ट या बायाइले पूस. पानी कोन भरते तुमच्या घरी? तू भरते का?"

ती वळली आणि खाली आमच्याकडं पाहिलं.

"तुडूम चालू रायते तवा विहिरीत दोर कितीक सुटते, आन् बंद रायते तवा कितीक? सांगा. भिऊ नका."

सगळ्याजणींचे दीर, सासरे, नवरे वर उभे होते. पण त्या एका क्षणात मला कळलं, की ती इतकी वर्षं पाणवठ्यावर बसून आम्हाला काय विचारत होती. तुडूम चालू असला की आमच्या विहिरीचं पाणी खाली जायचं, मला दोराला जुन्या दोराचा तुकडा बांधावा लागायचा. बंद झाला की तुकडा सोडावा लागायचा. मी ते रोज करत होते आणि त्याचा अर्थ मी कधी लावला नव्हता.

"आमगाववाली," ती म्हणाली. "तू सांग."

वर माझे भासरे मोगरी घेऊन उभे. मी पदर खाली ओढला, घागर घट्ट धरली आणि जमिनीकडं बघत बोलले.

"चालू असला का दोर पुरत नाई. तुकडा बांधा लागते. बंद असला का पुरते."

मग सुकरूची बायको म्हणाली, "आमची विहीरबी तशीच." मग आणखी एक. मग तिसरी. चावडीजवळची एक म्हातारी म्हणाली, "माया विहिरीत तं चिखल येते."

बिरजामाय महादेवरावांना म्हणाली, "विहिरीइचं पानी दुसरीकडून येत नाई गा. इथूनच येते, पाळीखालून. म्हसदगडाखालचं गेलं तं होळीले विहिरी कोरड्या. ढोरंच नाई, पोट्टेबी तहानेनं मरतीन. बस. माया सांगून झालं." आणि ती पाळीवरून उतरली आणि गर्दीतून वाट काढत घरी गेली. तिला कुणी अडवलं नाही, कुणी तिच्यामागं गेलंही नाही.

महादेवराव बराच वेळ मोगरी घेऊन उभे राहिले. मालक म्हणाले, "उघड." त्यांनी मोगरी उचलली. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, ती खाली ठेवली आणि आमच्या घराकडं निघाले. मी मागोमाग गेले, अंतर ठेवून. ते सरळ विहिरीवर गेले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी आमच्या विहिरीत बादली सोडली. दोर हातातून सरत गेला, संपला, आणि बादली पाण्याला टेकली नाही. दोराचा जुना तुकडा काठावरच पडला होता, रोजच्यासारखा. त्यांनी तो हातात घेतला, पाहिला, परत ठेवला. माझ्याकडं बघितलंही नाही.

पाळीवर परत जाऊन ते म्हणाले, "मालक, आज नाई."

"उद्या?"

"उद्याबी पाहू."

मालक रागानं निघून गेले. पण मोगरी महादेवरावांकडंच राहिली आणि तुडूम उघडला नाही.

आमच्या डोळ्यांदेखत धान पिवळं पडत गेलं. लोक रोज पाळीवर यायचे, पाण्याकडं बघायचे, मग महादेवरावांकडं बघायचे. डोहात सारसाची जोडी उभी असायची आणि पाणी कमी झाल्यामुळं ती लांबूनही दिसायची. घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. सासूबाई एकदा म्हणाल्या, "हिले तोंड फुटलं आन् आपलं धान गेलं." धान गेलं होतं हे खरंच होतं. महादेवराव जेवायला बसायचे आणि ताटातलं अर्धं तसंच टाकून उठायचे. पुढं एका सकाळी ते अंगणातून माझ्या नवऱ्याला म्हणाले, मला ऐकू येईल अशा बेतानं, "विहिरीवर नवा लांब दोर आनून ठेवलो आहे. जुना तुकडा फेकून दे म्हणा." त्यांचं माझ्याशी बोलणं झालं ते एवढंच.

भाऱ्या धानाच्या लोंब्या पोचट निघाल्या. दाणा भरलाच नाही. रामाजीनं आपलं शेत कापलं, पेंढ्या बांधल्या, आईच्या गोठ्यावर नीट रचून दिल्या. भांडण त्यानं केलं नाही. ते केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. त्याची बायको माहेरी गेली आणि तो गोंदियाला धानाच्या गिरणीत कामाला निघून गेला. जाताना आईच्या पाया पडला, पण बोलला नाही. बिरजामाय त्या दिवशीही पाळीवरून चालून आली. तिला कुणी आता पाणकर म्हणत नव्हतं आणि तिला अडवतही नव्हतं.

उन्हाळा आला तेव्हा आसपासचे तलाव चिखल होऊन भेगाळले होते. एका गावात बैल विकून टाकले, दुसऱ्या गावची माणसं विहिरीत उतरून वाटीवाटीनं पाणी काढत होती. आमच्या विहिरी कोरड्या पडल्या नाहीत. पण बिरजामायनं "मी म्हणली नव्हती का" हे एकदाही म्हटलं नाही. मालक एकदा तिच्या दारावरून जाताना थांबले, काही बोलणार असं वाटलं. ती अंगण सारवत होती. तिनं पदर सावरला आणि सारवत राहिली. ते पुढं निघून गेले.

एका दुपारी शेजारच्या गावचे लोक आपली ढोरं घेऊन पाळीजवळ आले. आमच्या लोकांनी त्यांना हटकलं. महादेवरावही नाही म्हणाले, आपल्यालाच पुरायचं नाही म्हणून. बिरजामाय पाळीवरून खाली आली.

"हे पानी ढोरांचं आहे," ती म्हणाली. "कोनत्या गावच्या ढोरांचं, असं आपल्या बुढ्याइनं सांगतलं नाई."

महादेवरावांनी हात केला आणि ढोरं आत सोडली. एकाच बाजूनं यायचं, पाळीवर चढू द्यायचं नाही, अशी अट घातली. ती अट पाळली जाते की नाही हे पाहायला मात्र बिरजामायच दिवसभर काठी घेऊन उभी राहायची.

आमच्याच घरात खायची तोंडं जास्त आणि धान कमी होतं. शेवटी माझ्या नवऱ्यानंही गोंदियाची वाट धरली. त्याला गोंदियाजवळच फुलचूरकडे काम मिळालं आणि मला निघावं लागलं. गाडी जुंपली तेव्हा ऊन चढलं होतं. पाळीखालून जाताना बिरजामाय पुढं आली, गाडीच्या साटीला हात लावून उभी राहिली. तिचे पाय धुळीनं पांढरे झाले होते. तिनं माझ्या पदराची गाठ उगाच नीट केली.

"गोंदियाले रामा भेटन तुले," ती म्हणाली. "भेटला तं त्याले सांगजो..."

ती थांबली. शब्द शोधत होती, असं मला वाटलं. तिला शब्द शोधावे लागलेले मी कधी पाहिलं नव्हतं. मी वाट बघत राहिले. तेवढ्यात मागं एक म्हैस पाळीवर चढू लागली, तिच्यामागं दुसरी. बिरजामायनं मान वळवली.

"ए गा, ढोरकी! खाली घे तिले! खाली! पाळ खचन ना गा!" म्हणत ती काठी उगारून धावली. गाडी हलली. मी मागं बघत राहिले, तर ती पाळीवर म्हशींच्या धुळीत शिव्या देत फिरत होती. नंतर वळण आलं. त्यानंतर ती मला दिसली नाही.

रामाजी मला पुढं गोंदियाच्या बाजारात भेटला. अंगावर गिरणीतल्या कोंड्याची पांढरी पूड. वाळला होता. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग त्यानं खाली बघत विचारलं, "मायनं काई सांगतलं का?"

"तुलेच सांगाचं होतं," मी म्हटलं. "रामा भेटला तं त्याले सांगजो, म्हणाली."

"मंग?"

"मंग ढोरं पाळीवर चढली."

तो हसायला लागला. हसता हसता त्यानं तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि पूड पुसली गेली तिथं ओले ओघळ उमटले.

"हो," तो म्हणाला. "मंग माय कायले थांबन."